गहू न सोसणारे पोट

वाचकहो, खानदेशातल्या घरी मांडे होताना आपण पाहिलेच असतील. मळलेल्या कणकेचा गोळा हातावर फिरवीत फिरवीत बाई ताणत जाते, आणि बघता बघता तो परातीएवढा होऊन खापरावर पडतो. ज्वारीचे पीठ असे ताणून पाहा, हातातच तुटेल. गव्हाला हा ताण देणारा जो चिकट अंश, त्याला ग्लूटेन म्हणतात. बहुतेकांना तो सुखाने सोसतो. थोड्यांना मात्र तोच बाधतो. त्या रोगाचे नाव सिलिॲक. त्याचे कारण सापडायला माणसाला सुमारे अठराशे वर्षे लागली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ॲरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने अन्न न पचता बाहेर पडणाऱ्या, खंगत जाणाऱ्या रोग्यांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे 1888 साली लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी मुलांतला हा रोग नीट मांडला. उपाय असलाच तर तो आहारातच आहे, हे त्यांनी ओळखले. पण गंमत पाहा, त्यांनी बिचारा तांदूळ वर्ज्य केला आणि पावाचे पातळ भाजलेले काप मात्र चालू ठेवले! चोर घरातच राहिला.

तो पकडला हॉलंडच्या डॉक्टर डिके यांनी. हेग शहरातल्या मुलांच्या इस्पितळात ते काम करीत. गव्हाविषयीचा संशय त्यांच्या मनात महायुद्धाआधीच आला होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. लोकांनी फुलझाडांचे कंद उकडून खाल्ले. पाव मिळेना. सगळा देश उपाशी, आणि ही आजारी मुले मात्र सुधारली! पाव परत आला, तशी ती पुन्हा बिघडली. डिके यांनी मुलांचा आहार बदलून, मोजमापे घेऊन 1950 साली आपला प्रबंध लिहिला. दोषी धान्य गहू, हे ठरले.

होते काय, तर आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नाचा कस तीच शोषून घेते. या रोगात ग्लूटेन पोटात गेले की शरीर स्वतःच त्या लवेवर हल्ला करते. लव झिजून सपाट होते. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही.

'हा साहेबांचा रोग, आपल्याकडे कुठला?' असे कुणी म्हणेल. पण उत्तर भारतातल्या मुलांमधला हा रोग 1966 सालीच डॉक्टरांनी छापून दाखवला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तो उत्तरेत शंभरांत एकाहून थोडा अधिक, तर दक्षिणेत हजारांत एक इतका आढळला. रोगाला वाव देणारे आनुवंशिक गुण दोन्हीकडे जवळपास सारखेच; मोठा फरक ताटातल्या गव्हाचा. आणि आपल्या जिल्ह्यात काय घडले? गहू होता मांड्यांचा, कानबाईच्या रोटांचा. रोजची ती भाकरी. आज रेशनचा गहू आणि दुकानातले बिस्किट सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत पोचले आहे.

अडचण अशी की नंदुरबारमध्ये मूल फिके, हडकुळे दिसले की आपण म्हणतो कुपोषण, किंवा सिकलसेल. दोन्ही येथे खरेच आहेत, आणि त्यांची तपासणी आधी व्हावीच. परंतु पोटभर खाऊनही वजन वाढत नाही, पोट फुगलेले आणि हातपाय काटक्या, शौच वारंवार पातळ व दुर्गंधीचे, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त भरत नाही, उंची खुंटली, मुलगी वेळेत वयात येत नाही, अशा वेळी डॉक्टरांना विचारावे, 'हा सिलिॲक तर नसेल?' मोठ्या माणसांत हगवण नसतानाही नुसता रक्तक्षय, तोंड येणे किंवा हाडे ठिसूळ होणे, एवढ्यावरही हा रोग दडून राहतो. गुरुजींनो, तुमच्या वर्गातली उंची-वजनाची नोंद येथे फार कामाची आहे.

एक चूक मात्र करू नका. संशय आला म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका. गहू थांबला की लव भरू लागते, रक्तातली खूण पुसट होते आणि तपासणी फसते. गहू चालू असतानाच टीटीजी नावाची रक्ततपासणी करावी. तीत दोष निघाला, तर बहुधा दुर्बिणीने आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासतात. रोग ठरल्यास सख्ख्या भावंडांची व आईबापांचीही तपासणी व्हावी.

निदान झाले की औषध एकच. गहू आणि जव जन्मभर बंद. रवा, मैदा, शेवया, बिस्किटे त्यातच आली. गिरणीत गव्हामागून दळलेली ज्वारीही चालत नाही. तिच्यात गव्हाचे पीठ मिसळते. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा कणीक असते.

पण घाबरू नका. हॉलंडच्या मुलांना पावाऐवजी काय द्यावे, हा डॉक्टरांपुढे प्रश्नच होता. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, मका, नागली, भगर, तांदूळ हे सारे आहे. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाणाऱ्या घरात या रोग्याचे पथ्य आजीच्या हातानेच शिजते. तेवढे निदान मात्र वेळेवर व्हायला हवे.