मुंबई ते गोवा, किनाऱ्याने सायकलवर: सहा बोटी, आठ दिवस आणि सगळ्यात अवघड पहिले 30 किलोमीटर

पहाटेचे चार. बोरिवलीहून निघालेले चारपाच जण वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर अंधेरीच्या पुलाखाली थांबतात. तिथे आणखी तिघं येऊन मिळतात. मुलुंड आणि घाटकोपरची मंडळी पूर्वेकडून येऊन थेट भाऊच्या धक्क्यावर भेटणार असतात. सगळ्यांच्या सायकलींना मागे लाल दिवा, कॅरियरवर बॅगा आणि डोक्यात एकच गणित: सकाळची बोट चुकता कामा नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान मुंबईच्या उपनगरांतून असे अनेक गट कोकणात उतरतात. हायवे टाळून, समुद्राच्या कडेकडेने गोव्यापर्यंत. ही राईड नेमकी असते कशी? हायवे सोडून इतका वळसा का घ्यायचा? आणि येत्या काही वर्षांत हा मार्ग कसा बदलू शकतो? समजून घेऊया.

हायवेने का नाही?

मुंबई-गोवा महामार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66. पनवेलजवळ पळस्प्याला तो सुरू होतो आणि पेण, महाड, चिपळूण, कणकवली असा किनाऱ्यापासून बराच आत चालतो. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण 2011मध्ये सुरू झालं. त्यानंतर खड्डे, वळवलेले रस्ते आणि अर्धवट पूल यांच्या बातम्या दर गणपतीत येत राहिल्या. जिथे काम पूर्ण झालं, तिथे गाड्यांचा वेग वाढला. सायकलवाल्यासाठी दोन्ही गोष्टी वाईटच.

दुसरा पर्याय म्हणजे सागरी मार्ग. रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत किनाऱ्यालगत जाणारा सुमारे 500 किलोमीटरचा रस्ता. ही कल्पना बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. ती पूर्णपणे कधीच प्रत्यक्षात आली नाही, कारण मध्ये खाड्या आहेत. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राला मिळताना रुंद होतात आणि रस्ता पाण्याशी येऊन संपतो. काही ठिकाणी पूल झाले, काही ठिकाणी नाहीत.

जिथे पूल नाहीत, तिथे बोट आहे. त्यामुळे ट्रक आणि लांब पल्ल्याच्या गाड्या या रस्त्याकडे फारशा वळत नाहीत. म्हणजे ज्या खाड्यांमुळे सागरी महामार्ग रखडला, त्याच खाड्यांनी हा रस्ता सायकलसाठी शांत ठेवला.

मार्ग कसा असतो?

भाऊचा धक्का ते गोव्याची हद्द हे अंतर वाटेतल्या फाट्यांनुसार साधारण 550 ते 650 किलोमीटर भरतं. बहुतेक गट सात-आठ दिवसांत, दिवसाला 60 ते 100 किलोमीटर करत ते पूर्ण करतात. आठ दिवसांचा ढोबळ आराखडा असा:

- दिवस 1: भाऊचा धक्का ते मांडवा बोटीने. पुढे अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरुड.
- दिवस 2: आगरदांडा ते दिघी बोट. दिवेआगर, शेखाडीचा समुद्राला खेटून जाणारा रस्ता, श्रीवर्धन, हरिहरेश्वर.
- दिवस 3: बागमांडला ते वेश्वी बोट. इथे रायगड संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. केळशी, आंजर्ले, हर्णै.
- दिवस 4: कर्दे, लाडघरमार्गे दाभोळ. दाभोळ ते धोपावे बोट. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी.
- दिवस 5: तवसाळ ते जयगड बोट. गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी.
- दिवस 6: पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, देवगड. बोट नाही, खाड्यांवर पूल आहेत. पण सगळ्यात लांब आणि दमवणारा दिवस हाच.
- दिवस 7: कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला.
- दिवस 8: शिरोडा, रेडी, तेरेखोल. तिथून फेरीबोटीने नदी ओलांडली की गोव्यातलं केरी.

मोजलं तर एकूण सहा बोटी. तेरेखोलची फेरी बंद असेल तर आरोंदा-किरणपाणी पुलावरून गोव्यात जाता येतं.

जंगल जेट्टी म्हणजे काय?

कोकणात या बोटींना जंगल जेट्टी म्हणतात. सपाट तळाची, दोन्ही टोकांना खाली पडणारी फळी असलेली ही बोट. कार, दुचाकी, टेम्पो, माणसं, माशांच्या टोपल्या, सगळं एकत्र चढतं. दाभोळ-धोपावे ही फेरी 2003मध्ये सुरू झाली. खाडी ओलांडायला पंधराएक मिनिटं लागतात. तेच अंतर रस्त्याने, म्हणजे दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला जायचं, तर 100 किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. कारवाल्यासाठी हा तीन तासांचा प्रश्न. सायकलवाल्यासाठी अख्ख्या दिवसाचा.

म्हणून या राईडचं वेळापत्रक बोटींवर बेतलेलं असतं. फेऱ्या रात्री बंद होतात, पावसाळ्यात हवामान पाहून रद्द होतात. गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी तर पावसाळ्यात बंदच असतात. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा मार्च 2020मध्ये सुरू झाली. तिच्यात गाड्यांबरोबर सायकलही नेता येते. निघण्याआधी प्रत्येक जेट्टीवर फोन करून त्या दिवसाच्या वेळा विचारणं हे गटातल्या एकाचं पक्कं काम असतं.

किनारा म्हणजे सपाट रस्ता?

पहिल्यांदा जाणाऱ्यांचा हाच गैरसमज असतो. कोकणात गावं खाडीच्या पातळीवर आणि मधला भाग जांभ्या दगडाच्या उंच सड्यावर. त्यामुळे रस्ता खाडीला शून्यावर उतरतो, पूल किंवा बोट झाली की लगेच वर चढतो आणि पुढच्या खाडीला पुन्हा खाली येतो. एकेक चढ फार मोठा नसतो, पण दिवसातून पाच-सहा वेळा तोच खेळ झाला की मांड्या बोलायला लागतात. रत्नागिरीच्या खाली हे जास्त जाणवतं.

म्हणून शर्यतीच्या सायकलपेक्षा हलका गिअर असलेली हायब्रिड, टूरिंग किंवा एमटीबी बरी पडते. टायर थोडे रुंद हवेत, कारण गावांमधले रस्ते अरुंद आणि कडेला खडी असते. उतारावर ब्रेक सतत लागतात, त्यामुळे निघण्याआधी ब्रेक पॅड बदलणं शहाणपणाचं. जादा ट्यूब, पंक्चर किट, पंप आणि साखळीची जोडकडी गटात प्रत्येकाकडे हवी. गिअरच्या सायकलीचे सुटे भाग मोठ्या गावांबाहेर सहज मिळत नाहीत. अडलंच तर दापोली, रत्नागिरीसारख्या ठिकाणचे स्थानिक सायकल क्लब मदतीला येतात.

आणखी एक फरक लक्षात घ्यायला हवा. मुंबईत ‘बीआरएम’ नावाच्या लांब पल्ल्याच्या राईड लोकप्रिय आहेत. त्यात 600 किलोमीटर 40 तासांत संपवायचे असतात. किनाऱ्याची टूर त्या प्रकारची नाही. इथे घड्याळ बोटीचं असतं आणि गटाचा वेग सगळ्यात हळू चालवणाऱ्याचा.

गटाचे नियम कोणते?

आठ ते बारा जणांचा गट सांभाळायला सोपा जातो. त्याहून मोठा असेल तर दोन तुकड्या करतात. नियम साधे असतात, पण मोडले की महागात पडतात:

- सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागे अनुभवी आणि दुरुस्ती येणारा. मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही.
- रस्त्यावर एकामागे एक. शेजारी शेजारी गप्पा मारत चालवायचं नाही.
- प्रत्येक फाट्यावर सगळे येईपर्यंत थांबायचं. सड्यावर अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते.
- खड्डा, गाडी, कुत्रा दिसला की पुढच्याने हाताने खूण करायची, ओरडून सांगायचं.
- दुपारी बारा ते तीन शक्यतो सावलीत. थंडीतही कोकणातलं ऊन आणि दमट हवा अंगातलं पाणी काढते. नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखरही लागते. कोकम सरबत इथे नुसती हौस नसते.
- घरगुती खाणावळीत दहा जणांचं जेवण आयत्या वेळी मिळत नाही. सकाळीच फोन करून ठेवायचा.

अपघात झाला तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका आणि 112वर पोलिसांची मदत मिळते. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर केंद्र सरकारच्या 2022च्या योजनेनुसार मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये भरपाई मिळू शकते. ही योजना सायकलस्वारांनाही लागू होते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

मग सगळ्यात अवघड भाग कोणता?

मुंबईतून बाहेर पडणं.

बोरिवली ते भाऊचा धक्का हे अंतर साधारण 35 किलोमीटर, मुलुंडहून 28च्या आसपास, अंधेरीहून 22 आणि घाटकोपरहून 18. आकडे लहान आहेत. पण वांद्रे-वरळी सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड आणि 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला अटल सेतू, यांपैकी एकाही रस्त्यावर सायकलला परवानगी नाही. राहतात ते दोन्ही एक्सप्रेस हायवे, एस. व्ही. रोड आणि एलबीएस मार्ग. तिथे सायकलसाठी वेगळी जागा नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल ट्रॅक बांधले होते; ते काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचा निर्णय एमएमआरडीएने 2025मध्ये घेतला.

पहाटे रस्ते रिकामे असतात, म्हणून सुरक्षित असतात, असं वाटतं. पण रिकाम्या रस्त्यावर गाड्यांचा वेगही वाढतो. 28 फेब्रुवारी 2024 रोजी पहाटे नेरूळला पाम बीच मार्गावर एका टॅक्सीने मागून धडक दिल्याने इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा मृत्यू झाला. ते 68 वर्षांचे होते आणि सहकारी सायकलस्वारांसोबतच निघाले होते. मुलुंडहून ऐरोली, नवी मुंबई, उरण करत करंजा-रेवस लाँच पकडणाऱ्यांपैकी काहीजण याच पाम बीच मार्गाने जातात.

म्हणून अनुभवी गट पहिल्या दिवसाचा शहरातला टप्पा सहलीचा भाग मानत नाहीत. फ्लोरोसंट जॅकेट, मागे दोन दिवे, उड्डाणपुलांऐवजी खालचा रस्ता. काहीजण सरळ टेम्पोत सायकली घालून धक्क्यावर येतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही.

परत कसं यायचं?

बहुतेकजण कोकण रेल्वेने. सायकल पार्सल म्हणून लगेज व्हॅनमधून जाते. त्यासाठी गाडीच्या वेळेच्या बऱ्यापैकी आधी पार्सल ऑफिसात जाऊन पावती करावी लागते. लहान स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, तेवढ्यात दहा सायकली चढवणं कठीण. म्हणून गट मडगावहून निघणं पसंत करतात. उतरायला मुलुंड-घाटकोपरवाल्यांना ठाणे सोयीचं, पश्चिम उपनगरांना दादर.

पुढे काय बदलणार?

रेवस-रेडी सागरी महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने, म्हणजे एमएसआरडीसीने, पुन्हा हाती घेतला आहे. करंजा-रेवस, आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ आणि जयगड अशा खाड्यांवर मोठे पूल नियोजित आहेत. म्हणजे आज जिथे बोट चालते, नेमक्या त्याच जागा.

किनाऱ्यावरच्या गावांसाठी ही मोठी गोष्ट आहे. रात्री दवाखाना गाठायचा असेल आणि बोट बंद असेल, तर खाडीपलीकडचं गाव समोर दिसूनही उपयोग नसतो. आंबा, मासळी आणि पर्यटक, तिन्हींना पुलाने रस्ता जवळचा होईल. पुलांना विरोध करण्याचं कारण सायकलवाल्यांकडे नाही.

त्यांचा प्रश्न एवढाच आहे की त्या पुलांवर सायकलला जागा असेल का? मुंबईतल्या सागरी पुलांचा अनुभव चांगला नाही. अटल सेतूवर बंदी घातली तरी वाशीच्या पुलाचा पर्याय उरतो. दाभोळला पूल झाला, त्यावर सायकलला मनाई झाली आणि प्रवासी कमी झाले म्हणून फेरीबोटही थांबली, तर पर्याय उरेल तो चिपळूणचा वळसा. आणि अडचण फक्त मुंबईहून येणाऱ्या हौशी मंडळींची होणार नाही. खाडीपलीकडच्या शाळेत किंवा बाजारात सायकल घेऊन बोटीने जाणाऱ्या गावकऱ्यांचीही होईल.

पुलाच्या कडेला पादचारी आणि सायकलसाठी दीड-दोन मीटरची कठडा असलेली पट्टी आराखड्यातच ठेवली, तर हा प्रश्न उरत नाही. पूल बांधून झाल्यावर ती जोडणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे ही मागणी करायची वेळ आत्ताची आहे. तोवर दाभोळच्या जेट्टीवर सायकल कठड्याला टेकवून पलीकडची बोट येण्याची वाट पाहणं, हा या प्रवासाचा भाग राहील.