आभासी चलनातील तेजी-मंदी आणि समूहमन

बिटकॉइन व तत्सम आभासी चलनांच्या भावात पुन्हा पुन्हा उसळी येते आणि तिच्यामागून घसरण. डिसेंबर 2017 मध्ये 20 हजार डॉलरच्या घरात गेलेला बिटकॉइन वर्षभरात चार हजारांच्या खाली आला. नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजारांजवळ पोचून पुढच्या नोव्हेंबरात 16 हजारांखाली गेला. याचे खापर सहसा लोकांच्या हावेवर फोडले जाते. पण हाव मंदीतही असतेच. मग झुंबड तेजीच्या टोकालाच का उडते? ज्या वस्तूची किंमत ठरवायला उत्पन्न किंवा वापराचे माप नाही, तिच्याबाबत दुसऱ्यांची खरेदी हाच पुरावा मानला जातो. हा पुरावा एकतर्फी असतो : ज्याला पैसे मिळाले तो चारचौघांत सांगतो, ज्याचे बुडाले तो गप्प बसतो.

कालच्या भावाला उद्याचे वचन समजण्याची ही चूक तलवाड्याच्या (ता. गेवराई, जि. बीड) आसपासच्या कापूसपट्ट्याला नवी नाही. 2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने मराठवाड्यातील अनेक शेतकऱ्यांनी तो घरात साठवला, आणि भाव सात-आठ हजारांवर उतरला. फरक एवढाच, की कापसाला सूतगिरणीचे गिऱ्हाईक आहे आणि मध्यम धाग्याला त्या वर्षी 6,080 रुपयांचा हमीभावही होता. आभासी चलनाच्या घसरणीला असा तळ नाही.

गर्दीच्या या पुराव्याचे उदाहरण म्हणून पुण्यात गुन्हा दाखल झालेले ‘गेनबिटकॉइन’ प्रकरण पुढे केले, तर ती निव्वळ फसवणूक होती, बाजाराशी तिचा काय संबंध, असा आक्षेप घेतला जातो. अमित भारद्वाजच्या या योजनेत बिटकॉइन गुंतवणाऱ्याला 18 महिने दरमहा 10 टक्के परताव्याचे आमिष होते. एप्रिल 2018 मध्ये भारद्वाजला अटक झाली. फसवणूक खरीच, पण ती खपली ती सुरुवातीच्यांना मिळालेल्या परताव्याच्या बोलबाल्यावर. ठगाने गर्दीचाच पुरावा उसना घेतला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : 2017 च्या टोकाला घेऊनही जे थांबले ते पुढे नफ्यात आले. खरे आहे, पण बहुसंख्य तसे थांबत नाहीत. आंतरराष्ट्रीय तडजोड बँकेच्या 2022 मधील 95 देशांच्या अभ्यासानुसार सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी व्यवहाराचे ॲप घेतले तेव्हा भाव 20 हजार डॉलरच्या वर होता, आणि तितक्याच प्रमाणात लोक बहुधा तोट्यात गेले.

कायद्याचे शब्दही गर्दी आपल्या सोयीने वाचते. 1 एप्रिल 2022 पासून भारतात आभासी चलनाच्या नफ्यावर 30 टक्के कर लागू झाला, एका चलनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करण्याचीही मुभा ठेवली नाही. तरतूद परावृत्त करणारीच. तरीही कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, हा खुलासा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना राज्यसभेत करावा लागला.