गांजलेला गुप्तहेर वाचकाला का भावतो?

प्रतिनिधी, मुंबई

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी वरचेवर दिसते. अमुक नाल्यात किंवा खाडीत एका तरुणाचा मृतदेह आढळला. प्रथमदर्शनी बुडून मृत्यू झाल्याचे दिसते. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे. मृत तरुण बड्या घरचा असेल, तर दुसऱ्या दिवशी ही बातमी पहिल्या पानावर येते. झोपडपट्टीतला असेल, तर त्याच्याविषयी छापून आलेले ते अखेरचे वाक्य ठरण्याची शक्यता अधिक.

वसीम खान यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनएक्स्पेक्टेड इन्हेरिटन्स ऑफ इन्स्पेक्टर चोप्रा' या इंग्रजी कादंबरीचा आरंभ नेमका अशाच मृत्यूने होतो. स्थळ आहे अंधेरी पूर्वेतील सहार. इन्स्पेक्टर अश्विन चोप्रा यांचा नोकरीतला हा अखेरचा दिवस. हृदयविकारामुळे त्यांना मुदतीपूर्वीच निवृत्त व्हावे लागत आहे. ठाण्यात एका गरीब बाईचा आक्रोश चालू आहे. तिचा मुलगा बुडून मेला आहे आणि आपण गरीब असल्यामुळेच कोणी चौकशी करणार नाही, असा तिचा सरळ आरोप आहे. चोप्रांच्या अंगावर उद्यापासून वर्दी नसणार. पण त्या बाईचे शब्द त्यांना घरी स्वस्थ बसू देत नाहीत. त्यातच मामाने वारसा म्हणून धाडलेले हत्तीचे पिल्लू सोसायटीच्या आवारात येऊन उभे राहते आणि सोसायटीच्या अध्यक्षबाईंशी वेगळाच संघर्ष सुरू होतो!

असा हा नायक. प्रकृतीने खचलेला, अधिकार गमावलेला आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने काहीसा विक्षिप्त. रहस्यकथेच्या जगात अशा नायकांची एक मोठी परंपरा आहे. परिस्थितीने गांजलेला, वरिष्ठांनी कोपऱ्यात ढकललेला आणि यशाची कोणतीही चिन्हे अंगावर नसलेला हा शोधक वाचकाला इतका जवळचा का वाटतो, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

आरंभापासूनच तंगी

असा नायक ही आधुनिक काळाची निर्मिती असल्याचा समज असला, तरी वस्तुस्थिती तशी नाही. आधुनिक गुप्तहेरकथेचा प्रारंभ मानली जाणारी एडगर अॅलन पो यांची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' ही कथा १८४१ सालची. तिचा नायक द्युपाँ हा नामवंत घराण्यातला, परंतु दारिद्र्यात आलेला गृहस्थ आहे. १८८७ साली 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये अवतरलेला शेरलॉक होम्सदेखील प्रथम भेटतो तो भाड्याचा निम्मा भार उचलणारा जोडीदार शोधताना. लंडनमधील जागा एकट्याला परवडत नाही, या निव्वळ आर्थिक कारणाने होम्स आणि वॉटसन एका छताखाली येतात. मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून दिवस काढलेल्या कोणालाही ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे अमेरिकेत रेमंड चँडलर यांनी १९३९ साली 'द बिग स्लीप'मधून फिलिप मार्लो उभा केला. दिवसाला २५ डॉलर आणि वरखर्च एवढ्यावर काम करणारा हा खासगी गुप्तहेर धनिकांच्या हवेल्यांत शिरतो आणि त्यांची लक्तरे पाहून रित्या हातांनी परततो. दूरचित्रवाणीवरील लेफ्टनंट कोलंबोचा चुरगळलेला रेनकोट आणि खटारा मोटार याच जातकुळीतील.

मराठीतील अजिंक्य नायक

मराठी रहस्यकथेचा वारसा मात्र निराळा आहे. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६), म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रे एकेकाळी घराघरात पोहोचलेली होती. धनंजय आणि छोटू या जोडीवर होम्स-वॉटसनची छाया असली, तरी धनंजयला घरभाड्याची भ्रांत कधी पडली नाही. गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप असो किंवा सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांचा दारा बुलंद, हे सारे नायक रुबाबदार, धाडसी आणि अखेरीस जिंकणारच अशा खात्रीचे होते. सर्क्युलेटिंग लायब्ररीतून घरी आणलेले पुस्तक रातोरात संपवणाऱ्या वाचकाला दिवसभराच्या पिचलेपणावर असाच उतारा हवा होता. कायद्याच्या हाती न लागणाऱ्या दुष्टाला कोणीतरी धडा शिकवतो, हे समाधान त्या काळी लहान नव्हते.

तथापि अशा नायकाची एक अडचण असते. तो हरणार नाही हे ठाऊक असल्यामुळे वाचकाची उत्सुकता 'कसे' एवढ्यापुरती उरते. गांजलेल्या नायकाच्या कथेत मात्र 'जमेल का?' हा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहतो.

मुंबईचे चार शोधक

या प्रकारातील मुंबईचा पहिला ठळक नायक घडवला तो मुंबई न पाहिलेल्या लेखकाने. ब्रिटिश लेखक एच. आर. एफ. कीटिंग (१९२६-२०११) यांचा इन्स्पेक्टर गणेश घोटे १९६४ साली 'द परफेक्ट मर्डर'मध्ये प्रथम आला. लेखकाने आधी त्याचे आडनाव 'घोष' योजले होते. ते बंगाली असल्याचे कळल्यावर 'घोटे' झाले. कीटिंग यांनी मुंबईत पाऊल ठेवले ते त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. भूगोलाचे हे उसनेपण मान्य करूनही घोटेचे भित्रेपण अस्सल वाटते. पहिल्याच कादंबरीत त्याच्यावर एका धनाढ्याच्या घरातील प्राणघातक हल्ल्याचा तपास तर सोपवला जातोच, शिवाय मंत्रिमहोदयांच्या टेबलावरून नाहीशी झालेली एक रुपयाची नोट शोधण्याची कामगिरीही गळ्यात पडते. वरिष्ठ दटावतात, श्रीमंत दारात ताटकळत ठेवतात, घरी पत्नी प्रोतिमाही चार शब्द सुनावते. घोटे मनातल्या मनात चरफडतो आणि पुन्हा तपासाला लागतो. १९८६ सालच्या 'अंडर अ मान्सून क्लाउड'मध्ये तर वरिष्ठाच्या हातून घडलेल्या मृत्यूवर पांघरूण घालण्यात तो स्वतःच सामील होतो आणि चौकशीच्या फेऱ्यात सापडतो. नोकरी की सत्य, हा पेच रहस्यकथेत इतक्या गांभीर्याने क्वचितच आला असेल. पहिल्या कादंबरीवर १९८८ साली निघालेल्या चित्रपटात नसीरुद्दीन शाह यांनी घोटेची भूमिका केली.

दुसरा सरताज सिंग. विक्रम चंद्रा यांच्या १९९७ सालच्या 'लव्ह अँड लाँगिंग इन बॉम्बे' या कथासंग्रहात तो प्रथम भेटतो आणि २००६ सालच्या 'सेक्रेड गेम्स' या बृहद् कादंबरीचा नायक होतो. घटस्फोटित, चाळिशी उलटलेला, बढतीच्या शर्यतीत मागे पडलेला हा इन्स्पेक्टर अगदी धुतल्या तांदळासारखाही नाही. किरकोळ चिरीमिरी तो घेतो. लेखकाने कल्पिलेल्या कैलासपाडा या उपनगरात गुंड गणेश गायतोंडेच्या अभेद्य ठिकाणापर्यंत तो पोहोचतो, तेही एका निनावी फोनमुळे. २०१८ साली आलेल्या मालिकेत सैफ अली खान यांनी सरताज साकारला. मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र जितेंद्र जोशी यांचा कॉन्स्टेबल काटेकर अधिक राहिला, हेही येथे नोंदवायला हवे.

तिसरी लल्ली. मुंबईतील शल्यचिकित्सक आणि लेखिका कल्पना स्वामिनाथन यांची ही नायिका विलेपार्ल्यात राहते. साठी ओलांडलेली, केस पांढरे झालेली, पोलिस खात्यातून निवृत्त झालेली. तिला नशिबाने झोडपलेले म्हणता येणार नाही. परंतु इमारतीच्या जिन्यात भेटणाऱ्या या आजीबाई खुनाचा छडा लावतील असे कोणाच्याही मनात येत नाही आणि तेच तिचे बळ ठरते. २००७ सालच्या 'द गार्डनर्स साँग'मध्ये रहस्य उलगडते ते पार्ल्याच्याच एका इमारतीत. शेजार नावाच्या संस्थेत किती प्रेम आणि किती विष साठलेले असते, याचा तो पंचनामाच आहे.

चौथे अर्थातच अंधेरीचे चोप्रा. लंडनमध्ये जन्मलेले वसीम खान १९९७ साली कामानिमित्त मुंबईत आले आणि सुमारे दहा वर्षे येथे राहिले. आल्या आल्या रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीतून शांतपणे चालत जाणारा हत्ती त्यांनी पाहिला. पुढे तोच कादंबरीत उतरला.

अधिकार नसलेल्याची ताकद

या चौघांत समान काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बड्या माणसासमोर साक्षीदार जपून बोलतो. ज्याची भीती नाही त्याच्यापुढे मात्र सहज बोलून जातो. नोकर, रखवालदार, फेरीवाला, इस्त्रीवाला या मंडळींना शहरातील पुष्कळ काही ठाऊक असते. परंतु त्यांना विचारण्याची गरज प्रतिष्ठितांना वाटत नाही. स्वतः उपेक्षा भोगलेला शोधक ती गरज ओळखतो.

दुसरी गोष्ट मोहाची. ज्याच्यापाशी सर्व काही आहे, त्याने लाच नाकारली तर त्यात नवल ते काय? घराचे हप्ते थकलेला, बढती रोखलेला माणूस पाकीट परत करतो, तेव्हा त्या नकाराला वजन येते. आणि तो पाकीट घेतो, तेव्हाही वाचक त्याला लगेच टाकून देत नाही. कारण ती तडजोड त्याच्या ओळखीची असते.

तिसरी गोष्ट कायद्याची. संशयास्पद मृत्यूच्या बाबतीत पोलिसांनी काय करावे, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये सांगितले होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ ने घेतली आहे. जागेवर जाणे, पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा करणे, मृत्यूच्या कारणाविषयी शंका असल्यास मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवणे आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना अहवाल देणे, असा हा क्रम. कागदावर तो गरीब-श्रीमंत असा भेद करत नाही. प्रत्यक्षात पुष्कळ काही त्या एका 'शंका' या शब्दावर अवलंबून असते. शंका घेण्याची तसदी कोण घेणार? खासगी गुप्तहेराला तर भारतात अटकेचा वा पंचनाम्याचा कोणताही अधिकार नाही. या व्यवसायाच्या नियमनासाठी २००७ साली राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाचा कायदा होऊ शकला नाही. त्यामुळे निवृत्त चोप्रांच्या हाती उरते ती केवळ शंका घेण्याची आणि ती न सोडण्याची सवय. कादंबरीचे सारे नाट्य त्या सवयीवर उभे आहे.

साच्याचा धोका

या प्रकारातही साचा तयार होण्याचा धोका आहेच. घटस्फोट, मद्य, थकलेले भाडे आणि खवट वरिष्ठ एवढ्या सामग्रीवर नायक बेतला, की त्याचे दुःख हा निव्वळ पोशाख ठरतो. ज्या नायकाच्या हलाखीमुळे त्याला इतरांना न दिसणारे काही दिसते, तोच टिकतो. परदेशी वाचकासाठी लिहिलेल्या मुंबईत हत्ती, पाऊस आणि चित्रपटसृष्टी यांची गर्दी थोडी जास्त होते, हेही मान्य करावे लागेल. शिवाय सहार, पार्ले आणि 'कैलासपाडा' येथील या कथा मुळात इंग्रजीत लिहिल्या गेल्या. ज्या पोलिस ठाण्यांत तक्रार, पंचनामा आणि पश्चात्ताप हे सारे मराठीत चालते, तेथील कॉन्स्टेबल काटेकर मात्र या कथांत दुय्यम पात्रच राहतो. त्याला नायक करणारी कादंबरी लोकप्रिय मराठी रहस्यकथेला शोभून दिसेल.

कुठून आरंभ करावा?

हलकेफुलके वाचन हवे असल्यास चोप्रा मालिकेतील पहिले पुस्तक योग्य. जुन्या मुंबईची आणि नोकरशाहीच्या थट्टेची आवड असणाऱ्यांनी घोटेचे 'द परफेक्ट मर्डर' घ्यावे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा अनुभव असलेल्यांना 'द गार्डनर्स साँग' अधिक रुचेल. 'सेक्रेड गेम्स'साठी मात्र सवड हवी. तिची पृष्ठसंख्या नऊशेच्या घरात जाते. वसीम खान यांची १९५० सालच्या मुंबईतील पर्सिस वाडिया ही पोलिस निरीक्षक आणि तिचे अडगळीत टाकलेले पथकही वाचनीय आहे. 'मिडनाइट अॅट मलबार हाउस' (२०२०) हे त्या मालिकेतील पहिले पुस्तक.

यांपैकी कोणतेही पुस्तक मिटल्यावर सकाळच्या वृत्तपत्राकडे पाहण्याची नजर थोडी बदलते. आतल्या पानावरच्या त्या चार ओळी पुन्हा दिसतात, अकस्मात मृत्यूची नोंद झाल्याचे वाचनात येते आणि वाचक क्षणभर थबकतो. त्या तरुणाची आई कोणत्या ठाण्यात बसली असेल, आणि तिच्यासमोर खुर्चीत कोण असेल, हा प्रश्न मग मनातून जात नाही.