तांबड्या प्रकाशाची वंशावळ

नव्या उपचाराला प्रतिष्ठा मिळवायची तर एखादा थोर पूर्वज लागतो. तांबड्या आणि निकट-अवरक्त प्रकाशाने जखमा भरतात, वेदना शमतात, केस पुन्हा उगवतात असे सांगणाऱ्या लेखनात हा मान बहुधा नील्स फिन्सेन या डॅनिश वैद्यांना दिला जातो. प्रकाशोपचारासाठी १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे खरेच आहे. परंतु फिन्सेन यांनी नेमके काय केले हे पाहू लागलो, की या वंशावळीची तपासणी करणे भाग पडते.

१८९३ साली फिन्सेन यांनी देवीच्या रोग्यांना तांबड्या प्रकाशाच्या खोलीत ठेवावे असे सुचवले. देवी आणि तांबडा रंग यांचे नाते युरोपात जुनेच होते. चौदाव्या शतकातील इंग्रज वैद्य जॉन ऑफ गॅडस्डेन याने, राजपुत्राला देवी आल्या असता त्याच्या बिछान्याभोवती सारे काही तांबडे ठेवल्याचे आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. फिन्सेन यांचा तर्क मात्र निराळा होता. जांभळे आणि अतिनील किरण त्वचेचा दाह वाढवतात, म्हणून ते अडवावेत, एवढाच त्यांचा हेतू. तांबडे पडदे वा तांबडी काच हे काम करीत. छायाचित्रकाराच्या अंधारखोलीत तांबडा दिवा ज्या कारणाने लावत, त्याच कारणाने तो येथेही होता: तो निरुपद्रवी होता म्हणून. पुवाळणे आणि व्रण कमी होतात हा फिन्सेन यांचा दावाही पुढे इतरांच्या अनुभवाला उतरला नाही.

नोबेल पारितोषिक मिळाले ते दुसऱ्याच कामासाठी. त्वचेच्या क्षयावर ते कार्बन-आर्क दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांनी एकवटून सोडत. त्वचा भाजू नये म्हणून तो पाण्यातून गाळून घेत, म्हणजे उष्ण अवरक्त किरण काढून टाकत. सूर्यप्रकाश वापरताना तर निळ्या द्रावणाने तांबडा भागही वगळला जाई. ज्या किरणांचे समर्थक आज फिन्सेन यांना पूर्वज मानतात, नेमके तेच किरण त्यांनी आपल्या उपचारातून हद्दपार केले होते!

मग या उपचाराचा खरा आरंभ कोठे? तो बुडापेस्टमध्ये सापडतो. थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला, माणकाचा लेसर तयार केला. या नव्या प्रकाशाने कर्करोग होतो काय, हे पाहण्यासाठी एन्ड्रे मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास उंदरांच्या पाठीवरील केस काढून त्यांवर मंद माणिक-लेसर सोडला. कर्करोग झाला नाही. उलट प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पुढे मेस्टर यांनी न भरणाऱ्या जखमांवर हा प्रकाश वापरून पाहिला. भीतीपोटी केलेल्या प्रयोगातून एक उपचार जन्माला आला तो असा.

तो शरीरात काय करतो, याचे उत्तर यानंतर शोधले गेले. रक्तातील हिमोग्लोबिन आणि त्वचेतील मेलॅनिन लहान लांबीच्या लहरी अधिक शोषतात, तर फार लांब लहरी पाणी शोषते. या दोहोंच्या मध्ये, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, प्रकाश ऊतकांत त्यामानाने खोल जातो. तेथे मायटोकाँड्रियातील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर तो शोषते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, ही मांडणी टीना कारू यांच्या संशोधनातून पुढे आली. ती बरीच स्वीकारली गेली असली तरी वादातीत नाही. मात्रेचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. प्रकाश थोडा दिला तर पेशी उद्दीपित होते. प्रमाणाबाहेर दिला तर परिणाम नाहीसा होतो, कधी उलटतोही.

या संयमाला प्रत्यक्ष उपचारात मोल आहे. कर्करोगाच्या काही उपचारांमध्ये तोंड आतून सोलवटते, अन्न गिळणे अशक्य होते. ते टाळण्यासाठी ठराविक लहरलांबी आणि ठराविक मात्रेचा प्रकाश द्यावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. तेथे रुग्ण, रोग आणि मात्रा या तिन्ही गोष्टी निश्चित आहेत. घरोघरी विकल्या जाणाऱ्या दिव्यांच्या जाहिरातींत मात्र सांधेदुखीपासून सुरकुत्यांपर्यंत सारे एकाच तांबड्या झोताखाली येते, आणि पुराव्याच्या जागी फिन्सेन यांचे नाव उभे केले जाते.

साहित्याच्या अभ्यासकाला ही रीत परिचित असावी. एखादा शब्द दोन काळांत सारखा दिसला, की अर्थही तोच आहे असे आपण गृहीत धरतो आणि मधला इतिहास पुसून टाकतो. फिन्सेन यांच्या खोलीतला ‘तांबडा’ आणि मेस्टर यांच्या लेसरमधला ‘तांबडा’ हे एकाच रंगाचे, पण परस्परविरोधी अर्थांचे शब्द आहेत. त्यांतला फरक जपणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहेच. तोंडात घास न जाणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचे आहे, कारण त्याला पूर्वजाच्या पारितोषिकापेक्षा अचूक मात्रेची गरज अधिक असते.