पात्रविकास (भूमिकाखेळ)

पात्रविकास म्हणजे अद्‌भुतरम्य भूमिकाखेळात, म्हणजेच रोल-प्लेइंग गेममध्ये, खेळाडूने धारण केलेल्या काल्पनिक पात्राचे सामर्थ्य, कौशल्ये, स्वभाव आणि समाजातील स्थान यांत खेळ पुढे सरकत जातो तसा होणारा बदल. बुद्धिबळातील सोंगटी डाव संपला की पूर्ववत होते. भूमिकाखेळातील पात्र मात्र एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत आपली कमाई, जखमा आणि आठवणी घेऊन जाते. हे सातत्य या खेळप्रकाराचे प्रमुख लक्षण मानले जाते. पात्राची प्रगती कशामुळे व्हावी, याचे नियम खेळागणिक वेगळे असतात. ज्या कृतीला गुण मिळतात तीच कृती खेळाडू वारंवार करतात. म्हणून प्रगतीचा नियम हा केवळ हिशेबाचा भाग न राहता संपूर्ण खेळाचे स्वरूप ठरवतो.

इतिहास

भूमिकाखेळांचा उगम अमेरिकेतील युद्धखेळांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. युद्धखेळातील सैन्याच्या तुकडीऐवजी त्यात प्रत्येक खेळाडूकडे एकच पात्र आले. कथा सांगणारा, अडथळे उभे करणारा आणि नियमांचा निवाडा करणारा खेळसंचालक ही भूमिकाही त्यातूनच रूढ झाली.

या पहिल्या आवृत्तीत सुरक्षित बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे एक अनुभवगुण मिळत असे. योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २,०००, तर जादूगाराला २,५०० अनुभवगुण लागत. खजिन्यातून गुण मिळत असल्यामुळे चतुर खेळाडू शक्यतो लढाई टाळून, राक्षसाला चकवून धन पळवत. १९८९ च्या ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत खजिन्याचे गुण ऐच्छिक झाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आव्हानांवर मात करण्यासाठी गुण देण्याची पद्धत मुख्य ठरली. सर्व वर्गांसाठी अनुभवगुणांचा एकच तक्ता आला आणि खेळाडूने स्वतः निवडायच्या विशेष नैपुण्यांची भर पडली.

प्रमुख पद्धती

पातळी आणि अनुभवगुण. ही सर्वाधिक प्रचलित पद्धत होय. ठरावीक अनुभवगुण जमले की पात्र पुढच्या पातळीवर जाते आणि त्याच्या वर्गानुसार, म्हणजे योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर इत्यादी प्रकारानुसार, नव्या शक्ती मिळवते. हिशेब सोपा आणि प्रगती स्पष्ट दिसणारी असते. मात्र तलवार चालवून मिळवलेल्या गुणांवर कुलूप उघडण्याचे कौशल्यही वाढते, ही विसंगती या पद्धतीत राहते.

वापरातून वाढ. १९७८ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘रूनक्वेस्ट’ने ही विसंगती दूर करण्याचा प्रयत्न केला. त्यात प्रत्येक कौशल्य शेकडेवारीत मोजले जाते. साहसात यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्यापुढे खूण केली जाते आणि शेवटी फासे टाकून ते वाढते का, हे पाहिले जाते. वाढीसाठी फाशांवरील संख्या सध्याच्या कौशल्यापेक्षा अधिक यावी लागते. त्यामुळे नवशिका भराभर शिकतो, तर निष्णाताची वाढ मंद होते.

गुणखरेदी. ‘चॅम्पियन्स’ (१९८१) आणि ‘गर्प्स’ (१९८६) या खेळांत वर्ग नसतात. मिळालेले गुण खर्चून खेळाडू हवी ती क्षमता विकत घेतो. पात्र निर्माण करताना भित्रेपणा किंवा एखाद्याशी वैर असे दोष स्वीकारल्यास जादा गुण मिळतात. स्वातंत्र्य मोठे असले तरी नवख्या खेळाडूला पर्यायांची गर्दी गोंधळात टाकू शकते.

कथेचे टप्पे. या पद्धतीत अनुभवगुणांचा हिशेब ठेवला जात नाही. कथेतील महत्त्वाचा टप्पा पार पडला की खेळसंचालक सर्व पात्रांना एकत्रच पुढच्या पातळीवर नेतो. केवळ गुणांसाठी वाटेतील प्रत्येक प्राण्याला मारत सुटण्याचे कारण त्यामुळे उरत नाही.

अपयशातून शिकणे. ‘डन्जन वर्ल्ड’ (२०१२) या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. आवश्यक ती वाढ धरून बेरीज ६ किंवा त्याहून कमी आली, तर कृती फसते. परंतु पात्राला एक अनुभवगुण मिळतो. त्यामुळे खेळाडू धोका पत्करण्यास कचरत नाहीत.

उदाहरण

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतील २०१४ च्या नियमांनुसार एका पात्राची वाढ पुढीलप्रमाणे दाखवता येते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या शेंदूरजनाघाटसारख्या संत्राबागांच्या गावात रात्री जागल करणारा एक धनुर्धारी कल्पिला आहे. त्याचा वर्ग ‘रेंजर’, म्हणजे वनरक्षक. गावाच्या विहिरींचे पाणी गिळणाऱ्या असुराचा माग काढण्यासाठी तो डोंगरात शिरतो.

पहिल्या पातळीवर त्याचे चापल्य १६ असल्यास त्यापोटी ३ आणि नैपुण्यापोटी २ असे एकूण ५ गुण बाणाच्या नेमात मिळवले जातात. संरक्षणांक १५ असलेल्या शत्रूला बाण लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा अधिक पडावे लागतात. म्हणजे शक्यता ५५ टक्के असते. ३०० अनुभवगुणांना दुसरी पातळी येते. तेथे ‘धनुर्विद्या’ ही युद्धशैली निवडल्यास नेमात २ ची भर पडते. ९०० गुणांना तिसऱ्या पातळीवर तो वर्गातील आपली उपशाखा निवडतो. २,७०० गुणांना चौथ्या पातळीवर चापल्य १८ केल्यास आणखी १ मिळतो. ६,५०० गुणांना पाचव्या पातळीवर नैपुण्य २ वरून ३ होते. एकूण भर आता ९ झाली. त्याच शत्रूसाठी फाशावर ६ पुरेसे ठरतात आणि शक्यता ७५ टक्क्यांवर जाते. शिवाय या पातळीवर एका खेपेस दोनदा बाण सोडता येतो. प्रकृती १४ धरली आणि प्रत्येक पातळीला नियमातील ठरावीक वाढ घेतली, तर जीवनांकही १२ वरून ४४ होतात.

या चार भरींपैकी नैपुण्य पातळीबरोबर आपोआप वाढले. युद्धशैली आणि चापल्य ही मात्र खेळाडूची निवड होती. चौथ्या पातळीवर त्याने चापल्याऐवजी शहाणपण वाढवले असते, तर नेम एकाने कमी राहिला असता, पण माग काढण्याची आणि आहट ओळखण्याची क्षमता सुधारली असती. असुर कोठे दडला आहे हेच ठाऊक नसेल, तर अचूक नेमाचा उपयोग मर्यादित असतो. म्हणून निवड करताना पात्रापुढील प्रश्न कोणता आणि सोबत्यांमध्ये कोणत्या क्षमतेची उणीव आहे, हे पाहणे हिताचे ठरते.

कथात्मक विकास

सामर्थ्यात वाढ झाली तरी पात्राचा स्वभाव जागच्या जागी राहू शकतो. पाचव्या आवृत्तीत पात्राचे आदर्श, बंध आणि दोष लिहून ठेवण्याची सोय आहे. आपल्या दोषाला अनुसरून खेळाडूने अडचणीचा निर्णय घेतला, तर खेळसंचालक त्याला ‘प्रेरणा’ देऊ शकतो. ती खर्च केल्यास फासा दोनदा टाकून अधिक चांगली संख्या घेता येते. वरील उदाहरणातील जागल्या एका रात्री झोपी गेला आणि त्याच रात्री गावाची विहीर आटली, असा पूर्वेतिहास असेल, तर पुढे प्रत्येक पहाऱ्याच्या प्रसंगी तो काय करतो, याला अर्थ येतो.

दोन साहसांमधील काळही विकासासाठी वापरला जातो. २०१४ च्या नियमांत नवी भाषा किंवा एखाद्या अवजारसंचाचा वापर शिकण्यासाठी २५० दिवस आणि रोज एक सुवर्णमुद्रा लागते. पात्राची सामाजिक प्रगती हाही जुना प्रकार आहे. ‘ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तीत नवव्या पातळीचा योद्धा गढी बांधून आसपासच्या प्रदेशाचा अधिपती होऊ शकत असे.

विकास नेहमी चढताच असतो असे नाही. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या भयखेळात कौशल्ये वाढत असतानाच भयंकर दृश्यांनी पात्राचे मानसिक संतुलन ढासळत जाते. तेथे जाणते होण्याची किंमत मोजावी लागते.

संगणकीय खेळांत

संगणकाने हिशेबाचे काम स्वतःकडे घेतल्यामुळे या पद्धती झपाट्याने पसरल्या. ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ (दोन्ही १९८१) यांनी पातळीची पद्धत घराघरांतील संगणकांवर आणली. ‘डायब्लो २’ने (२०००) एका कौशल्यातून पुढचे कौशल्य खुले करणारा कौशल्यवृक्ष लोकप्रिय केला. ‘द एल्डर स्क्रोल्स ५: स्कायरिम’मध्ये (२०११) कौशल्ये वापरातून वाढतात, पण तेवढ्यासाठी लोखंडी खंजीर पुन्हापुन्हा घडवत बसण्याची युक्तीही खेळाडूंनी शोधली.

रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४’ (१९८५) या परंपरेत वेगळा ठरतो. त्यात केवळ शत्रूनाश पुरेसा नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्‌गुण आचरून पात्राला ‘अवतार’ व्हायचे असते. अंध विक्रेतीला कमी पैसे देऊन फसवता येते, परंतु त्याचा परिणाम सद्‌गुणांच्या मोजणीवर होतो.

मराठी संदर्भ

आचरणाला प्रगतीशी जोडणारा पट महाराष्ट्राला जुन्या काळापासून परिचित आहे. परंपरेने संत ज्ञानेश्वरांशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात सद्‌गुणाच्या शिडीने सोंगटी वर चढते आणि दुर्गुणाच्या सापामुळे खाली घसरते. अखेरचे घर मोक्षाचे असते. मोक्षपट हा भूमिकाखेळ नव्हे, कारण त्यात निवड खेळाडूची नसून दानाची असते. तरीही जीवाची वाटचाल घराघराने मोजण्याची कल्पना दोहोंत समान आहे.

आधुनिक काळात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा संगणकीय खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या राजी या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडते. हा मुख्यतः साहसखेळ आहे. त्यात शत्रू मारून पातळ्या चढायच्या नसतात. देवतांकडून मिळणारी आयुधे आणि त्यांच्या शक्ती वाढवणे हाच राजीच्या विकासाचा मार्ग आहे. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये २०२० च्या उत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले होते.

मर्यादा आणि टीका

अनुभवगुण मिळवण्यासाठी तीच कृती यांत्रिकपणे करत राहणे, ही संगणकीय खेळांवरील नेहमीची टीका आहे. टेबलावरील खेळांत सर्वाधिक परिणामकारक आकड्यांच्या मागे लागून पात्राचे व्यक्तित्व हरवते, असा आक्षेप घेतला जातो. त्यावरील प्रतिवाद असा की, दुबळे पात्र म्हणजे आपोआप सजीव पात्र नव्हे. नियमांचे उत्तम ज्ञान आणि उत्तम अभिनय एकत्र नांदू शकतात. पातळीबरोबर शत्रूही तितकेच बलवान होत गेले, तर प्रगती केवळ कागदावर राहते, हाही एक दोष दाखवला जातो. त्यावर उपाय म्हणून काही खेळसंचालक पूर्वी अवघड गेलेला अडथळा पुन्हा पात्रांसमोर आणतात. एकेकाळी ज्याच्यापुढून पळ काढला, त्याच शत्रूसमोर उभे राहता येते, तेव्हा पात्राची वाढ खेळाडूच्या प्रत्ययास येते.

हेही पाहा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स
मोक्षपट
सापशिडी
संगणकीय खेळ