आधी टोले, मग काटे

जुन्या घराच्या भिंतीवर लंबकाचे घड्याळ असते. काटे पाच दाखवतात आणि टोले पडतात आठ. घरातली मंडळी म्हणतात, ‘घड्याळ बिघडले.’ मग कुणी काटे उलटे फिरवून पाहतो, कुणी ते उतरवून माळ्यावर टाकतो. खरे तर बऱ्याचदा ते बिघडलेले नसतेच. त्याच्या काट्यांची आणि टोल्यांची फक्त फारकत झालेली असते. ती का होते, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

आपण मराठीत ‘किती वाजले?’ असे विचारतो. वेळ ही आधी कानाने कळायची, मग डोळ्यांनी, याची ही खूणच म्हणायची. आपल्याकडे तळाला भोक असलेले घटिकापात्र पाण्यावर सोडत. ते बुडाले की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे झाली. मग धातूच्या जाड थाळीवर टोले देत. बाबराने आपल्या आत्मचरित्रात या पद्धतीचे वर्णन केले आहे. त्याला तिच्यात एक उणीव दिसली. रात्री जाग आली आणि तीन-चार टोले कानी पडले, तर घटिका कळे. पण प्रहर दुसरा की तिसरा, ते कळत नसे. म्हणून रात्री आणि ढगाळ दिवशी घटिकांपाठोपाठ प्रहराचेही टोले द्यावेत, असा हुकूम त्याने काढला.

युरोपातल्या यांत्रिक घड्याळांचा आरंभही आवाजापासूनच झाला. इंग्लंडमधील सॉल्झबरी कॅथीड्रलचे घड्याळ 1386 च्या सुमाराचे मानले जाते. त्याला तबकडी नाही, काटेही नाहीत. त्याचे काम एकच, तासाला घंटा वाजवणे. टोले मोजण्यासाठी अशा घड्याळांत एक चाक असते. त्याच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा असतात. वरची दांडी खाचेत पडली की टोले थांबतात. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, असे बारापर्यंत. एका फेऱ्यात 78 टोले होतात. अर्ध्या तासाचा एकेक टोला धरला तर 90. या चाकाला आता किती वाजले ते ठाऊक नसते. मागच्या खेपेला किती वाजवले, तिथून ते पुढे मोजते.

तबकडी नव्हती तोवर ताडून पाहायला समोर काही नव्हते. काटे आले आणि चूक दिसू लागली. टोल्यांची स्प्रिंग वेगळी असते, म्हणून अशा घड्याळाला चावीची भोके दोन असतात. टोल्यांची चावी आधी उतरली की काटे चालत राहतात आणि टोले मागे पडतात. टोले पुरे होऊ न देता काटे घाईने ढकलले, तरी तेच होते.

यावरचा उपाय 1676 मध्ये निघाला. त्याचे श्रेय एडवर्ड बार्लो या इंग्रज धर्मगुरूला दिले जाते. तासकाट्याबरोबर फिरणारी, बारा पायऱ्यांची एक चकती त्यात असते. एक दातेरी पट्टी त्या पायरीवर टेकते. पायरी जितकी खोल, तितके टोले. टोले काट्यांशी बांधले गेले. दोरी ओढली की तोच तास पुन्हा वाजवणारी घड्याळेही यामुळे शक्य झाली. दिवा न लावता अंधारात वेळ कळू लागली. बाबराला पडलेला प्रश्न इथे यंत्राने सोडवला. तरीही खाचांचे चाक साधे आणि स्वस्त, म्हणून ते टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेहून आपल्याकडे आलेल्या कितीतरी घड्याळांत तेच आहे.

तेव्हा माळ्यावरचे घड्याळ खाली काढा. दोन्ही चाव्या द्या. मिनिटकाटा सावकाश पुढे नेत बारावर आणा आणि टोले मोजा. आठ पडले, तर तासकाटा तेवढा हलक्या हाताने आठावर ठेवा. बहुतेक घड्याळांत तो नुसता दाबून बसवलेला असतो. हलत नसेल तर जोर करू नका, कारागिराकडे न्या. मग मिनिटकाटा पुढे पुढे नेत खऱ्या वेळेवर या. मात्र दर तासाला आणि अर्ध्या तासाला थांबा, टोले पुरे होऊ द्या. काटा मागे फिरवू नका.

म्हणजे टोल्यांना दटावून काही होत नाही. काट्यांनाच त्यांच्याकडे जावे लागते. घड्याळात वडीलपणाचा मान टोल्यांचा आहे.