क्रॉयडनच्या तळघरातली कार्डं

जुना डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवताना एखादं टेबल असं निघतंच, की ते कशासाठी ठेवलंय हे कुणालाच सांगता येत नाही. मग कुणीतरी विचारतं, "उडवू का?" मीही दोन-चारदा बिनधास्त "उडव" म्हटलंय. पण पुढची गोष्ट वाचल्यापासून हात जरा थबकतो.

२२ जून १९४८. कॅरिबियन बेटांवरच्या शेकडो लोकांना घेऊन 'एम्पायर विंडरश' नावाचं जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदराला पोचलं. महायुद्धानंतर ब्रिटनला कामाला माणसं हवी होती. पुढची वीसेक वर्षं लोक येत राहिले. तेव्हाच्या कायद्याने ते ब्रिटिश प्रजाजनच! कित्येक पोरं तर आई-वडिलांच्या पासपोर्टवर आली. १९७१ चा नवा कायदा १ जानेवारी १९७३ ला लागू झाला, तेव्हा आधीच स्थायिक झालेल्यांचा राहायचा हक्क कायम राहिला. गंमत बघा, हा हक्क कुणाकुणाला आहे याची यादी सरकारने ठेवलीच नाही, आणि त्यांना कागदही दिला नाही.

एक पुरावा मात्र होता. बोटीवरून उतरतानाची लँडिंग कार्डं, क्रॉयडनच्या एका सरकारी ऑफिसच्या तळघरात. २०१० मध्ये ऑफिस हलवताना ती नष्ट केली. सरकारचं म्हणणं, त्यावरून फक्त आल्याची तारीख कळते, हक्क सिद्ध होत नाही. अहो, पण इथे सगळा हक्क त्या तारखेवरच तर उभा होता!

२०१२ पासून धोरण कडक झालं. घरमालक, बँका, कंपन्या, सगळे कागद मागू लागले. आयुष्यभर टॅक्स भरलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार अडले. किमान ८३ जणांना देशाबाहेर काढलं. २०१८ मध्ये हे सगळं बाहेर आलं आणि त्या गदारोळात गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला.

आता तिथे ई-व्हिसा आलाय. बहुतेक प्लॅस्टिकच्या परमिट कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. पुण्याहून ऑनसाइट गेलेल्या आपल्या मित्रांचा राहायचा पुरावाही आता ऑनलाइनच. सोय आहेच, मी काही कागदाचा पुजारी नाही. पण सिस्टिममध्ये नोंद सापडली नाही तर धावपळ कुणी करायची? ऑफिसने की माणसाने? हे कोड लिहायच्या आधी ठरायला हवं.

आपल्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात, 'नल' म्हणजे 'फॉल्स' नव्हे. क्रॉयडनमध्ये तेवढंच विसरले.